बॉनेटमधली मुलाखत

गाडीच्या बॉनेटची केबल बदलणं म्हणजे पायजम्यात नाडी ओवण्यासारखं काम, असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. एका टोकाला ड्रायव्हरच्या पायाजवळचा खटका, दुसऱ्या टोकाला बॉनेटचं कुलूप, मध्ये तार. एवढ्यासाठी गॅरेजवाल्याच्या दारात कोण ताटकळणार?

"आजच करायला हवं का?" बायकोने विचारलं. "चारला माझा फोन येणार आहे."

फोन साधासुधा नव्हता. मुलगी झाल्यावर सोडलेली नोकरी तिला पुन्हा सुरू करायची होती, आणि एका कंपनीची शेवटची मुलाखत फोनवर होणार होती. आठवडाभर ती भांडी घासतानाही उत्तरं पुटपुटत होती.

"तुझा फोन यायच्या आत आटपतो. फक्त तो फोन जरा दे. माझ्या फोनवर केबल बदलायचा व्हिडिओ चाललाय, उजेडाला काहीतरी हवं ना!"

जुनी तार काढली, नवी ओवली, आतल्या खटक्याला अडकवली. तिचा फोन टॉर्च लावून इंजिनाशेजारी टेकवून ठेवला होता, झकास उजेड पडला होता. तेवढ्यात आईने चहाला हाक मारली. चहा पिऊन परतलो तो काम फत्ते झाल्याच्या तोऱ्यातच. धाडकन बॉनेट लावलं. खटका ओढला, तर काय मऊ चालला म्हणून सांगू! कौतुकाने बायकोला बोलावलं.

तिनेही ओढून बघितला. "फारच मऊ आहे हो. पलीकडे काही लागलंय का याला?"

नव्हतं लागलं. कुलपाकडचं टोक अडकवायचंच राहिलं होतं.

"आणि माझा फोन?"

मी गाडीच्या पुढे जाऊन वाकलो. पुढच्या जाळीतून टॉर्चचा उजेड छान बाहेर येत होता.

चार वाजत आले होते. मी जाळीतून स्क्रूड्रायव्हर घातला, जाळी मोडली. आईने स्वयंपाकघरातून चिमटा आणला, तो माझ्या हातून सटकून आत पडला.

"अजून काही टाकायचंय का आत?" आईने शांतपणे विचारलं.

बायकोचे डोळे भरून आले. "ते पुन्हा फोन करत नाहीत हो." आठवडाभराची तिची मेहनत मी कुलूपबंद करून ठेवली होती.

ती एकदम घरात पळाली. परत आली ती कानात बिनतारी इयरफोन आणि हातात स्टूल घेऊन. बॉनेटला खेटून बसते न बसते तोच आत फोन वाजला. तिने कानावर बोट टेकवलं. "नमस्कार, बोला."

आवाज अगदी खणखणीत! निदान आपण गप्प बसावं म्हणून मी हळूच गाडीत शिरलो, तर कोपर हॉर्नवर पडलं.

"घर रस्त्यालगत आहे," ती तिकडच्यांना म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली आणि काचेतून माझ्याकडे बघत बोलली, "सहकाऱ्याने अर्धवट काम पूर्ण झालं म्हणून सांगितलं तर? आधी हातातलं काम निभावून नेते. त्याच्याशी नंतर निवांत बोलते."

तिकडे कोणीतरी मनापासून हसलं असावं, कारण तीही हसली.

नोकरी मिळाली! सोमवारपासून या, म्हणाले. मी हात पसरून गाडीतून उतरलो. आईने डोळे पुसले आणि का कोण जाणे, लगबगीने घरात निघून गेली.

बायकोने इयरफोन काढून डबीत ठेवले. स्टूल माझ्यापुढे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "आता निवांत आहे मी."