एका बागेचे सगळे मालक

एका जंगलात एक बाग होती. जंगलात बाग कशाला, असं तुम्ही विचाराल. खुशाल विचारा. तिथल्या प्राण्यांनी मात्र हे कधीच विचारलं नाही, कारण ती बाग आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांना ते रानच वाटायचं. जरा बऱ्यापैकी रान.

आता मुलांनो, ती बाग कशी होती ते ऐका. वरच्या अंगाला झरा होता आणि खाली तळं. झऱ्यापासून तळ्यापर्यंत एक पाट होता. त्याच्या काठाने पायवाट होती. वाटेच्या कडेला बेहडे, जांभळी आणि बकुळी अशा बेताने लावल्या होत्या की वैशाखात भर दुपारीसुद्धा वाटेवर ऊन उतरत नसे. प्राणी पाणी प्यायला जात, येत, आणि आपले पाय का भाजत नाहीत याचा विचार करत नसत. पाय भाजले असते तर केला असता.

हे सगळं एका म्हाताऱ्या हत्तिणीने आखलं होतं. तिच्या तळव्यांना ऊन सोसत नसे. पुढे हत्ती दुसऱ्या जंगलात निघून गेले. सावली मागे राहिली.

ही हकिकत फक्त धनेशकाकांना ठाऊक होती. धनेश म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. बागेतल्या सगळ्यात जुन्या बेहड्याला एक ढोली होती आणि काकांच्या घराण्यातली सगळी पिलं तिथेच जन्मली होती. आजीने सांगितलं, आईने सांगितलं, तशी ही गोष्ट काकांपर्यंत आली होती. काका अभ्यासू होते. खात्री नसलेल्या गोष्टीला ते 'बहुधा' म्हणत. हत्तिणीच्या बाबतीत मात्र ते 'बहुधा' म्हणत नसत.

त्या उन्हाळ्यात काकू ढोलीत बसल्या होत्या. धनेशांची रीत अशी, की बाई अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट तेवढी ठेवते. आत तिची पिसंही गळतात, त्यामुळे मनात आलं तरी तिला उडता येत नाही. पिलं उडायला मृग उजाडावा लागतो. तोवर नवऱ्याने फळं आणून द्यायची आणि बोलणी खायची.

एके दिवशी त्या बेहड्याशी खरखर झाली.

"अहो, बाहेर कोण अंग घासतंय?" काकूंनी फटीतून विचारलं.

"कुणी नाही. गवेसाहेब झाडाला पांढरी माती लावतायत," काका म्हणाले. "सुशोभीकरण आहे."

काकूंनी चोच फटीतून आत घेतली. मग म्हणाल्या, "कधी पाडणार आहेत?"

काकांना खोटं बोलता येईना. जंगलाचा राजा वाघोबा. त्याला गुहेपासून नदीपर्यंत सरळ रस्ता हवा होता. वाकडं चाललं की राजाला राजासारखं वाटत नाही, असं त्याला वाटे. रस्त्याचं काम गवेसाहेबांकडे होतं. ते कळप घेऊन येणार आणि खुणा केलेली झाडं डोक्याने ढकलून पाडणार. मृगाच्या आत.

"मग बसलात काय?" काकू म्हणाल्या. "मी इथे कोंडलेली आहे. तुम्ही तर मोकळे आहात ना?"

काका मोकळे होते, म्हणून त्यांनी मंडळ काढलं. 'प्राचीन उद्यान संवर्धन आणि लोकशिक्षण मंडळ.' काका अध्यक्ष झाले. खवल्या मांजर सरचिटणीस झालं. ते फार सज्जन होतं, पण अवघड प्रश्न आला की अंगाचा गोळा करून बसायचं. अशी माणसं मंडळात लागतातच. प्राणी, म्हणायचंय मला.

काकांचा विचार साधा होता. लोकांना बागेची माहिती नाही म्हणून ते गप्प आहेत. माहिती दिली की ते उठून उभे राहतील.

मग माहिती देणं सुरू झालं. पहिलं व्याख्यान झालं, 'पाटाच्या उताराचे सौंदर्य'. गर्दी चांगली जमली, कारण शेवटी जांभळं वाटणार होते. हरणांनी सगळ्यात मन लावून ऐकलं आणि ऐकता ऐकता बकुळीची रोपं खाऊन टाकली. मग वारसा फेरी निघाली. फेरीत अस्वल होतं, त्याला मधाचं पोळं दिसलं आणि फेरी तिथेच संपली. मग पिलांसाठी चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता 'माझी बाग'. झाडून सगळ्या पिलांनी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि एक कौलारू घर काढलं. त्या जंगलात कौलारू घर कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

काका निराश झाले नाहीत. अभ्यासू लोक लवकर निराश होत नाहीत, त्यांना उशिरा कळतं.

शेवटच्या व्याख्यानात म्होरक्या वानराने प्रश्न विचारला. "अध्यक्ष महाराज, ही बाग कुणी केली म्हणालात?"

"एका हत्तिणीने," काका आनंदाने म्हणाले. त्यांना वाटलं, चला, कुणी तरी ऐकत होतं.

"मग हत्ती बघून घेतील की," वानर म्हणालं. "आमचा काय संबंध?"

सगळ्यांना हे पटलं. सरचिटणिसांनी अंगाचा गोळा केला. सभा संपली.

काका ढोलीपाशी येऊन बसले. आत अंडी फुटली होती आणि चिवचिव ऐकू येत होती. बापाला आनंद व्हायला हवा होता. काकांना रडू आलं.

"मी सगळं सांगितलं गं," ते म्हणाले. "उतार सांगितला, सावली सांगितली. कुणाला काही वाटतच नाही."

"तुम्ही त्यांना बाग किती चांगली आहे ते सांगता," काकू म्हणाल्या. "ती त्यांची आहे असं कधी सांगितलंत?"

"पण ती त्यांची नाही."

"तुमची पिलं तरी तुमची आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी काका वानराकडे गेले. "मी जरा विचार केला," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "हत्तीण झाडावर कशी चढणार? बिया कुणी काढून आणल्या असतील? बहुधा तुमच्या पणजोबांनी."

वानर एकदम ताठ बसलं. "मला नेहमी वाटायचंच," ते म्हणालं.

मग काका रानडुकराकडे गेले. "पाट खणायचा म्हणजे मजबूत नाक हवं. बहुधा तुमच्या पणजीबाई." रानडुकराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या घराण्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. तिथून काका मोराकडे गेले. तळ्याकाठी एवढी मोकळी जागा कशासाठी सोडली असेल? बहुधा नाचासाठी.

संध्याकाळपर्यंत काकांचा 'बहुधा' वाटेत कुठे तरी गळून पडला होता.

सकाळी बागेत वानर समाजाची सभा भरली. पणजोबांचं नाव कुणाला आठवत नव्हतं, म्हणून सर्वानुमते एक ठेवण्यात आलं. रानडुकरांनी पणजीबाईंची जयंती जाहीर केली. नेमकी त्याच दिवशी वानरांनी पणजोबांची जयंती धरली. मोर म्हणाले, बाग नाचासाठीच केली, झाडं मागाहून पडद्यासाठी लावली. हरणांचा तर काहीच संबंध नव्हता. पण आपला कसा संबंध नाही, या रागाने तीही दावा सांगू लागली. कालपर्यंत एका वाटेने पाण्याला जाणारे प्राणी आता एकमेकांकडे पाठ करून पाणी पिऊ लागले.

काका घाबरले. "अगं, हे मी नव्हतं सांगितलं," ते ढोलीपाशी येऊन म्हणाले.

"जांभूळ आणलंत का?" काकूंनी विचारलं.

आणि मग गवेसाहेब कळप घेऊन आले.

बागेत सगळं जंगल उभं होतं. काकांचा ऊर भरून आला. पण प्राणी बाग वाचवायला आलेच नव्हते.

"पाडायचं असेल तर पाडा," वानर म्हणालं. "पण आधी लिहून द्या की आमची बाग पाडताय."

"यांची कुठली?" रानडुक्कर म्हणालं. "पाडलीत तर आमची पाडलीत असं म्हणा, नाहीतर खबरदार."

गवेसाहेबांना झाड पाडता येत होतं, पण असलं काही ठरवता येत नव्हतं. त्यांनी वाघोबाला बोलावणं धाडलं.

वाघोबा आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, मग तिसरी, मग चौथी. राजा आळशी असला तरी मूर्ख नव्हता. बाग रानडुकरांची म्हणावी तर वानरं शिकारीच्या वेळी झाडावरून ओरडून सावज पळवतील. वानरांची म्हणावी तर मोर ओरडतील. पाडून टाकावी तर सगळे मिळून ओरडतील. राजाला रस्ता हवा होता, पण उपाशी राहायचं नव्हतं.

"बाग कुणाची, याचा निवाडा कासव करेल," वाघोबा म्हणाला. "निवाडा होईपर्यंत सगळं जैसे थे. कुणी पानसुद्धा हलवायचं नाही."

"आणि रस्ता?" गवेसाहेबांनी विचारलं.

"डोंगराला वळसा घालून न्या. थोडं वाकडं चालेन म्हणतो."

कासव फार मोठं न्यायमूर्ती होतं. सगळे त्याला मान देत. आजवर त्याने एकही निवाडा दिला नव्हता, त्यामुळे त्याने अन्याय केला असं कुणालाच म्हणता येत नव्हतं.

बेहडा वाचला. फटीतून काकूंची चोच बाहेर आली आणि काकांनी तिच्यात पहिल्यांदाच न सांडता अंजीर ठेवलं.

पण जैसे थे म्हणजे जैसे थे. पाटात पाला साचला, तो काढायचा नाही. वानराने काढला तर तो कबजा झाला, असं रानडुक्कर म्हणे. पाणी तुंबलं. तळं आटू लागलं. वाचलेली बाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुकू लागली, आणि सगळे तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते.

अशात एक दिवस जंगलात हत्तीण आली.

ती कुणाला काही बोलली नाही. भर दुपारी झऱ्यापासून तळ्यापर्यंत सावकाश चालत गेली. मध्ये थांबली, पाऊल उचलून तळवा पाहिला, परत टेकवला. मग म्हणाली, "आजी सांगायची ती हीच वाट. ही माझ्या आजीची बाग."

कासवाने मान बाहेर काढली. "मंडळाचे अध्यक्ष कुठे आहेत? ते जाणकार आहेत. धनेशराव, बाग हिच्या आजीने केली, हे खरं का?"

काका फांदीवर उभे होते. साऱ्या जन्मात त्यांना एकच गोष्ट नक्की माहीत होती आणि तीच आज कुणी तरी विचारत होतं. खरं सांगितलं तर वाद मिटणार होता. वाद मिटला की जैसे थे उठणार होतं, आणि गवेसाहेब कोपऱ्यात रवंथ करत उभेच होते. ढोलीत पिलांना नुकती पिसं फुटत होती.

"सांगा," कासव म्हणालं.

काकांनी मान खाली घातली.

"बहुधा," ते म्हणाले.

हत्तिणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिची नजर बुंध्यावरच्या पांढऱ्या खुणेवर गेली. ती झाडापाशी आली आणि तिने सोंडेने ढोलीच्या फटीचा वास घेतला.

"बाई, पिलं अजून उघडीवाघडी आहेत हो," काकू आतून हळूच म्हणाल्या.

हत्तिणीने सोंड अलगद मागे घेतली. मग कासवाकडे वळून म्हणाली, "नक्की नाही म्हणतात, तर माझाही एक दावा धरा. मला घाई नाही. पण दावेदार म्हणून मला जागेची पाहणी करता येईल ना?"

"येईल," कासव म्हणालं. "काही हलवायचं मात्र नाही."

मग हत्तीण रोज दुपारी पाहणी करू लागली. पाहणी करताना तिचा पाय पाटात पडे. हत्तिणीचा पाय पडला की पाला थोडा सरकतोच, त्याला कुणी काय करणार? पाणी वाहू लागलं. तळं भरलं.

मृग उजाडला. काकूंनी चोचीने दार फोडलं आणि त्या बाहेर आल्या. मागून पिलं आली, फांदीवर धडपडली आणि उडाली. त्या दिवशी काका मुद्दाम कासवाकडे गेले आणि त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाग हत्तिणीच्या आजीनेच केली, यात 'बहुधा' वगैरे काही नाही, असं ते तीनतीनदा म्हणाले.

कासवाने शांतपणे ऐकून घेतलं. "हे तुमचं आजचं मत झालं," ते म्हणालं. "तुमचं आधीचं मत याच्या उलट आहे. म्हणजे आता तुमच्या दोन मतांचा विचार करावा लागेल." आणि त्याने पुढची तारीख दिली.

काकांनी हत्तिणीची माफी मागितली. ती तेव्हा पाहणीत होती. "नाव कुणाचं का लागेना," ती म्हणाली. "पाय भाजत नाहीयेत."

काका अजून व्याख्यानं देतात. हरणं अजून बकुळी खातात. निवाडा अजून व्हायचा आहे.

तात्पर्य : जुनी बाग वाचवायची असेल तर ती कुणी केली हे लोकांना शिकवत बसू नये. ती आपलीच आहे, असं प्रत्येकाला एकेकटं गाठून सांगावं आणि निवाडा कासवाकडे द्यावा. परीक्षेत मात्र 'नेहमी खरे बोलावे व बागेवर प्रेम करावे' असंच लिहा. गुण त्यालाच मिळतात.