आकड्यांची वाटी

मुलुंडच्या श्यामकांतने सेकंडहँड फियाट घेतली, तेव्हापासून त्याची बायको सुगंधा तिच्यात बसायला तयार नव्हती. या गाडीचं स्टिअरिंग दुधाच्या दातासारखं हलतं, असं तिचा भाऊ रतन एकदा म्हणाला होता आणि तिने ते मनावर घेतलं होतं. आज मात्र रतनच्याच मुलीचा पार्ल्याला साखरपुडा होता. स्टिअरिंगचा ढिला नट आपण स्वतः आवळू आणि वर दुहेरी तारेची नवी स्प्लिट पिनही घालू, म्हणजे नट जन्मात हलायचा नाही, असा श्यामकांतने शब्द दिला, तेव्हा कुठे ती कबूल झाली.

पिन हरवू नये म्हणून त्याने ती आदल्या दिवशीच घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती, म्हणजे सुगंधाच्या केसांच्या आकड्यांच्या वाटीत. सकाळी ग्रीस लागेल म्हणून त्याने चष्मा काढला, वाटीत चाचपून पिन उचलली, गाडीखाली शिरून नटात घातली आणि टोकं वाकवली. जरा सैलच गेली. पण नव्या वस्तूला रुळायला वेळ द्यावा, असं त्याचं मत होतं.

कांजूरमार्गपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग सुगंधा काच खाली करायला वळली आणि तिच्या अंबाड्यात, अबोलीच्या गजऱ्याखाली, श्यामकांतला आपली स्प्लिट पिन दिसली.

म्हणजे नटात आकडा होता. गाडी हातगाडीच्या चालीने चालू लागली आणि मागचा बसवाला हॉर्न वाजवून थकला. सांगावं तर ही पुन्हा गाडीत बसणार नाही, न सांगावं तर दोघंही पुन्हा कशातच बसणार नाहीत. काय करावं ते न सुचून तो सारखा अंबाड्याकडे बघत राहिला. सुगंधाच्या ते लक्षात आलं. तिने उगीचच गजरा सारखा केला.

"अहो, समोर बघा ना. या वयात हे काय?"

"अगं, तुझा अंबाडा..."

"आवडला? लग्नानंतर पहिल्यांदाच लक्ष गेलं तुमचं."

आता तर त्याला बोलणं आणखीच जड झालं. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर परवडलं असतं. पण तिचा चेहराच उतरला, आणि ते बघून त्याला फार वाईट वाटलं.

"म्हणजे तुम्ही पिन बघत होता."

"आधी पिनच दिसली," तो म्हणाला. "मग मात्र अंबाडाच बघत होतो. नाहीतर गाडी केव्हाच थांबवली असती."

सुगंधाने हसू दाबत पिन उपसली आणि त्याच्या हातावर ठेवली. थोड्या वेळाने पिन बसवून श्यामकांत वाकडा झालेला आकडा घेऊन गाडीखालून बाहेर आला. तिने तो त्याच्याच रुमालाला पुसला, सरळ केला आणि अंबाड्यात खोचला.

साखरपुड्याला रतनने श्यामकांतच्या शर्टावरच्या ग्रीसकडे बघून गाडीची चौकशी केली. तो चाचरला. तेव्हा सुगंधानेच सांगितलं, की ह्यांनी माझा अंबाडा बघायला भर रस्त्यात गाडी थांबवली.

परत निघताना मात्र ती गाडीच्या दारातच थांबली. तिने हात मागे नेऊन अंबाडा नीट चाचपला.

"आकडे सगळे माझेच आहेत," ती आत बसत म्हणाली. "चला."