कनवाळू ओबदुलिया माय

निकासिओचा उजवा पाय थेट नारळाच्या गोड भाताच्या पातेल्यात गेला. तीन राजांच्या सणाचा तो भात ओबदुलियाबाईंनी निवायला व्हरांड्यात ठेवला होता, आणि हा पठ्ठ्या आज त्यांच्या मिग्दालियाला मागणी घालायला आला होता.

"असू द्या हं, निकासिओ," बाई म्हणाल्या. "बसा तुम्ही."

एवढंच! भाऊ फेर्मीन, मांजर, पोटची लेक, सगळ्यांना बाई शिव्यांची लाखोली वाहत होत्या. फाटकापर्यंत ऐकू येत होतं. निकासिओला मात्र अहो-जाहो. म्हणजे राग आत दाबून ठेवलाय, आटोपलंच की सगळं!

तेवढ्यात क्वात्रोच्या तारा छेडल्या गेल्या. या डोंगरात पाहुण्याला गायल्याशिवाय सुटका नाही. दहा ओळी जागच्या जागी जुळवायच्या, शेवटची मात्र घरचे देतील ती. फेर्मीनमामा मिशीत हसला. "घ्या कवीराज! 'अशी कनवाळू ओबदुलिया माय!'"

कनवाळू? अहो, या बाईंना पाहून गावातली कुत्री रस्ता बदलायची!

सात ओळी त्याने कॉफीच्या फुलांवर आणि धुक्यावर कशाबशा ढकलल्या. कनवाळूपणाचा एक दाखला सापडेल तर शपथ! आठव्या ओळीला पोटातली भीतीच तोंडावाटे बाहेर पडली: "पातेल्यात गेला मेला माझा पाय..."

पुढे काही सुचेना. क्वात्रोवाल्याने चाल पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा. कोणीतरी फिस्सकन हसलं. मिग्दालियाचा चेहरा पडला. गाणं अर्ध्यावर टाकणाऱ्याला या गावात मुलगी कोण देणार?

ओबदुलियाबाई फडकं घेऊन तरातरा आल्या आणि त्याचा बूट पुसायला वाकल्या. आता पाय मोडणार, या भीतीने निकासिओने डोळेच मिटले.

"म्हणा, 'तरी मला कोणी बोललं नाय,'" खालून कुजबुज आली.

तो जीव खाऊन गायला:

"तरी मला कोणी बोललं नाय,
अशी कनवाळू ओबदुलिया माय!"

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच दमात निकासिओने मिग्दालियाला मागणी घातली.

बाई सावकाश उभ्या राहिल्या. फडकं त्याच्या तोंडावर फेकलं.

"अरे टोणग्या! डोळे काय खिशात घालून हिंडतोस? सकाळपासून नारळ खवून माझे हात सोलपटले, आणि तू त्यात पाय घालतोस, मुडद्या? ऊठ, नवे नारळ खवायला बस!"

निकासिओच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मिग्दालिया, बुडालो गं मी!"

"रडतोस काय वेड्या?" तिने हसत त्याच्या हातात खवणी दिली. "आई परक्या माणसाला कधी शिव्या देत नाही."