इस्त्रीचा प्लग आणि मासळीचा वास

वायरिंगच्या फुटकळ कामाला माणूस बोलवावा लागतो, ही निव्वळ अफवा आहे! असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

बायको घरीच कपडे शिवते. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली होती. खोलीत कापडाचे तागे छताला भिडलेले, आणि इस्त्रीचा प्लग मात्र पार स्वयंपाकघरात! शर्ट शिवायचा इथे, इस्त्री करायची तिथे. दिवसभर तिची नुसती पळापळ!

"इलेक्ट्रिशियनला फोन करू का?" तिने विचारलं.

"मी असताना?" मी असा दुखावलो, जणू तिने बदली नवरा मागवायचं काढलं होतं!

मेन स्विच बंद केला. (तेवढं कळतं मला!) शिवणाच्या खोलीतला भिंतीतला वायरींचा डबा उघडला. आत जुनी, पांढरट अ‍ॅल्युमिनियमची वायर. माझ्या हातात नवी, लालचुटुक तांब्याची. दोन्ही एकमेकींभोवती गुंडाळल्या, पक्कडीने करकचून तीन पीळ दिले, वर चिकटपट्टी, त्यावर आणखी चिकटपट्टी. जोड कसा बाळसं धरल्यासारखा गुबगुबीत झाला! प्लग बसवला, इस्त्री तापली, बायको चक्क हसली. पुढचा आठवडाभर मी जमिनीपासून वीतभर वरून चालत होतो!

मग एक दिवस सासरे म्हणाले, "जावईबापू, घरात मासळी सडतेय."

सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांचं नाक असं, की तीन घरं पलीकडे दूध उतू गेलं तर हे गॅस बंद करायला उठतात! पण आमच्या घरात तर महिनाभर मासळी आलेली नव्हती. संशय सरळ शेजारच्या काकूंच्या मांजरीवर गेला.

"काकू, तुमच्या मांजरीने आमच्याकडे मासा लपवलाय!"

"माझी मांजर?" काकू कडाडल्या. "नुसत्या दुधावर वाढलीय ती! मासा कशाशी खातात हेसुद्धा तिला ठाऊक नाही!"

मांजरीला काखोटीला मारून त्या स्वतःच पाहणीला आल्या. मांजरीने कोपरे हुंगले आणि मला ओरबाडून पळ काढला. "बघा! निर्दोष आहे!" म्हणत काकूही फणकाऱ्याने गेल्या.

आम्ही कपाटं हलवली, मशीन ओढलं, तागे झटकले. मासा नाही! एवढ्यात सासरे म्हणाले, "पोरी, तू इस्त्री लावतेस ना, तेव्हाच वास येतो."

"मग कापडालाच वास असणार!" मी निकाल देऊन टाकला.

"माझ्या कापडाला?" बायकोने तावातावाने चाळीस नवेकोरे शर्ट धुवून काढले. वाळल्यावर इस्त्री लावली, आणि वास दुप्पट! वर खोलीतला दिवा डोळे मिचकावू लागला.

"व्होल्टेज कमी आहे," मी म्हणालो. बोलता बोलता सहज भिंतीला हात टेकला, आणि चटका बसला! प्लगभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. शेजारी छतापर्यंत कापड! धावत जाऊन मेन स्विच पाडला. बायकोने सरळ फोन उचलला.

आलेल्या इलेक्ट्रिशियनबाईंनी डबा उघडला. चिकटपट्टी वितळलेली, जोड काळाठिक्कर, वायरीवर पांढरी भुकटी.

"हे कुणी केलं?"

सासरे छताकडे बघू लागले.

"दादा," बाई माझ्याकडे वळल्या, "तापलं की अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आकसतं. रोज फुगून-आकसून पीळ सैल पडतो, आणि सैल जोड तापतो. हवेने अ‍ॅल्युमिनियमवर पापुद्रा धरतो, त्यातून वीज नीट जात नाही. भिंतीला ओल असली तर तांब्याच्या संगतीने ते झिजतंही. मासळी कसली? प्लॅस्टिक जळत होतं, त्याला असाच वास येतो!"

त्यांनी जळलेला भाग कापला, टोकं साफ केली. मग या दोन धातूंसाठीच बनवलेला कनेक्टर काढला, आत गंज रोखणारी पेस्ट, प्रत्येक वायरीला वेगळं घर. स्क्रूसुद्धा जोर मोजून आवळले! "यावर फक्त दिवा आणि मशीन," त्यांनी बजावलं. "इस्त्रीला वेगळी तांब्याची लाइन ओढू." मग पिशवी आवरत विचारलं, "असे जोड आणखी कुठे आहेत का?"

"छे! घरात हा एकच."

बायकोने मान वर केली. "घरात म्हणजे?"

उत्तर द्यायला मी थांबलोच नाही! शेजारचं दार धडाधडा वाजवलं. "काकू, मेन स्विच बंद करा! आधी बंद करा!"

दार उघडलं. कडेवर मांजर. "का हो? आता मासा माझ्या घरात सापडला वाटतं?"

"नाही... मागच्या आठवड्यात मी हौसेने तुमच्या गिझरचा जोड..."

काकूंनी आधी स्विच पाडला. मग माझ्या मागून आलेल्या इलेक्ट्रिशियनबाईंना म्हणाल्या, "ताई, तुम्ही या आत." आणि मांजर माझ्या हातात कोंबली. "तुम्ही हिला घेऊन बाहेरच उभे राहा. कशाला हात लावू नका!"

तासभर उभा होतो. मांजरीने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही!