स्वयंपाकघरातला हरवलेला मीटर

"तीन," खिडकीपाशी स्टुलावर उभा राहून सर्व्हेअर म्हणाला.

"दोन," टेपचे दुसरे टोक धरून उभी असलेली त्याची बायको म्हणाली.

"अगं, मला दिसतंय ना. चांगले तीन मीटर आहेत."

"अहो, मी एकावर धरलंय. तुमच्या या टेपला शून्य उरलंय कुठं? तुम्हीच शिकवलंत ना, टोक तुटलं की एकावर धरायचं आणि शेवटी एक वजा करायचा. तीन मीटरचा पडदा शिवून उरलेल्याची काय उशी करू?"

सर्व्हेअर हसला. म्हणजे हसायला लागला, पण मध्येच थांबला. गेल्या आठवड्यात याच टेपने, याच बायकोला एकावर धरायला लावून, त्याने सासूबाईंच्या नव्या घराची आखणी केली होती.

आखणी म्हणजे कागदावरचे घर जमिनीवर उतरवायचे. प्रत्येक कोपऱ्यावर खुंटी ठोकायची. ठेकेदार त्या खुंट्या बघून खणतो, पाया भरतो आणि पुढे घर उभे राहते ते त्या खुंट्यांच्या भरवशावर. खुंट्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि सर्व्हेअर तर मुळीच नाही. चूक झाली की मात्र त्याचे नाव सगळ्यांना तोंडपाठ होते. तरी हा माणूस या धंद्यावर जीव टाकून होता. आपण ठोकलेल्या खुंट्यांच्या मधोमध कोणाची तरी मुले वाढतात, भांडतात, झोपतात, याचे त्याला मनापासून अप्रूप होते.

"अगं, आईंच्या घराच्या वेळी मी एक वाढवला होता ना? आखताना उलटं असतं. वजा नाही करायचा, वाढवायचा."

"ते मला काय माहीत? तुम्ही म्हणालात एकावर धर, मी धरलं. तुम्ही म्हणालात सोड, मी सोडलं. संसारात दुसरं केलंय काय मी?"

सर्व्हेअर स्टुलावरच बसला. पुढच्या खोल्या आखताना त्याने एक वाढवला होता, हे त्याला पक्के आठवत होते. मग सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी आखलेल्या घरात फेरी मारली आणि "हे फारच लहान दिसतंय हो" म्हणाल्या. त्यावर त्याने त्यांना समजावले की मोकळ्या जमिनीवर आखलेले घर कोणालाही लहानच दिसते, भिंती चढल्या की मोठे होते. त्यानंतर त्याने मागचे स्वयंपाकघर आखले. त्या वेळी टेपवर नकाशातलाच आकडा आला होता, आणि "वा! तंतोतंत!" असे तो स्वतःच म्हणाला होता.

तंतोतंत यायलाच नको होता. एकाने जास्त यायला हवा होता. म्हणजे स्वयंपाकघर एक मीटर कमी भरले होते. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले तिरके मापही त्याने घेतले होते, पण मागच्या दोन्ही खुंट्या सारख्याच अलीकडे आल्यावर तिरकी मापे एकमेकांशी जुळणारच. दोन चोरांनी एकमेकांची साक्ष द्यावी तसे ते झाले होते.

"काय झालं? घाम का फुटलाय तुम्हाला?"

"आईंचं स्वयंपाकघर," तो म्हणाला. "तिथं मी एक वाढवलाच नाही."

बायकोला कळायला वेळ लागला नाही, आणि तिचाही चेहरा उतरला. तिच्या आईचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत, बोळासारख्या स्वयंपाकघरांत गेला होता. कपाटाचे दार उघडायचे असेल तर शेगडीपुढच्या माणसाने बाहेर जायचे, अशी तऱ्हा. नव्या घरात त्यांनी एवढेच मागितले होते की स्वयंपाकघरात एक टेबल आणि खुर्ची मावावी, बसून भाजी चिरता यावी. एक मीटर गेला म्हणजे टेबल गेले, आणि खुर्चीही गेली.

"आज काँक्रीट ओतणारेत," बायको म्हणाली.

सर्व्हेअरने फोन लावला. ठेकेदाराचे खरे नाव कोणीच घेत नसे. कुठलेही काम सांगा, "ताबडतोब करतो" म्हणायचा, म्हणून त्याला सगळे ताबडतोब म्हणत. आणि तो खरोखर ताबडतोब करायचा, हीच आत्ता पंचाईत होती.

"हॅलो, काम थांबवा!"

"सायेब, मिक्सर चालू आहे! काय ऐकू येत नाही! मागची बाजू झालीच बघा!" आणि फोन बंद.

दोघे घरातल्या कपड्यांवरच निघाले. वाटेत सर्व्हेअरच्या डोळ्यांपुढे फोडलेला पाया दिसत होता. फोडायचा म्हणजे आधी सांगायला हवे. पंधरा वर्षे ज्या जावयाचे कौतुक करून सासूबाई थकल्या नाहीत, त्या जावयाने पहिल्याच घरच्या कामात माती खाल्ली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

"मी सांगते आईला," बायको म्हणाली.

"खबरदार! आधी मोजू दे. मग मीच सांगेन. किंवा मग गाव सोडू."

मागच्या चरात काँक्रीट पडलेले होते. सासूबाई खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या होत्या. जावयाला पाहून त्या एकदम उठल्या.

"अगोबाई, तुम्ही आज कसे?"

"सहज. म्हटलं बघावं," सर्व्हेअर म्हणाला. त्याच्या एका पायात चप्पल होती आणि दुसऱ्यात बूट.

त्याने गवंड्याची धड टेप मागून घेतली आणि स्वयंपाकघराची बाजू मोजली. मग डोळे चोळून पुन्हा मोजली. माप नकाशाइतके होते, उलट चार बोटे जास्तच.

आता खरे तर त्याने देवाला हात जोडून घरी जायला हवे होते. पण चूक सापडली की सर्व्हेअर घाबरतो, आणि जी चूक असायलाच हवी ती सापडली नाही की त्याची पाचावर धारण बसते. स्वयंपाकघर बरोबर असेल तर मग चूक गेली कुठे? पुढच्या खोलीत शिरली की काय? त्याने पुढची खोली मोजली, मधली मोजली, जिन्याची जागा मोजली. सगळे बरोबर. जितके बरोबर येत गेले तितक्या घाईने तो पुढचे मोजू लागला.

"काय चुकलंय का सायेब?" ताबडतोबने मिक्सर बंद करवला. "खुंट्यांप्रमाणेच खणलंय. मागची ओळ जराशी तिरकी वाटली, ती गवंड्यानं गुण्या लावून काटकोनात घेतली. बाकी आम्ही हात लावला नाही."

"तिरकी? माझी ओळ?" सर्व्हेअरचा आवाज चिरकला. आयुष्यात त्याने तिरकी ओळ आखली नव्हती. आखणी आखूड होऊ शकते, तिरकी नाही!

तो पुन्हा वाकून मोजू लागला. इकडे सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी त्यांना राहवेना.

"जावईबापू, जरा इकडे या. आता मोजू नका."

विटांच्या ढिगाआड त्यांनी पदर हातात घट्ट धरला.

"माझ्या हातून फार मोठी चूक झालीय. तुम्ही गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. टेबल कुठं येईल, खुर्ची कुठं, सगळं बघितलं. मावेना हो! तुम्ही समजावलं होतंत, मला पटलंही होतं. पण राहवलं नाही. मागच्या दोन्ही खुंट्या उपटल्या, एकेक ढांग मागं नेल्या आणि दगडानं ठोकल्या. तेव्हापासून झोप नाही मला. तुमच्या कामात मी हात घातला. आता सगळं घर बिघडलं का हो?"

सर्व्हेअरच्या छातीवरचा डोंगर उतरला. इतका एकदम उतरला, की त्याला तिथेच वाळूवर लोळावेसे वाटले. पण समोर सासूबाई अपराधी चेहऱ्याने उभ्या होत्या. असा योग जावयाच्या नशिबात पुन्हा येत नसतो. त्याने घसा खाकरला.

"आई, खुंटी ही गंमत नसते. एकेका खुंटीमागं हिशेब असतो, जबाबदारी असते. मालकानं खुंटीला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पण जाऊ द्या. मी सगळं तपासलंय. नशिबानं माप अगदी बरोबर भरलंय. काळजी करू नका."

बायको विटांकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

सासूबाईंनी डोळे पुसले. आभार मानायला तोंड उघडले आणि तसेच थोडे उघडे ठेवले.

"अहो, पण मी तर खुंट्या ढांगभर मागं नेल्या."

"हो ना."

"मग स्वयंपाकघर नकाशापेक्षा ढांगभर मोठं व्हायला हवं."

"ते नकाशाइतकंच आहे म्हणता. मग मी हात लावायच्या आधी ते केवढं होतं?"

बायकोच्या खांद्यांचे हलणे थांबले. सर्व्हेअरने वर आभाळाकडे पाहिले, खाली बुटाकडे पाहिले, आणि शेवटी सासूबाईंकडे पाहून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "टेबलाशिवायचं."

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात ढिगाला वळसा घालून ताबडतोब आला.

"सायेब, गवंडी म्हणतो, अशी तपासणी करणारा माणूस बघितला नाही. पलीकडं माझं दहा घरांचं काम निघतंय. सगळी आखणी तुम्हीच करायची. नाही म्हणू नका!"

एवढे मोठे काम त्याला आजवर कोणी दिले नव्हते. सर्व्हेअरने आशेने सासूबाईंकडे पाहिले. एक शब्द त्या बोलल्या असत्या, तर सगळे संपले असते.

"करतील की," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर खोचला. "मीही येत जाईन त्यांच्याबरोबर."