चाळीस प्रतींचा टेकू

तीन वर्षांपूर्वी एका सुताराचे पत्र आले होते. निवृत्त ग्रंथपालांनी ते शब्दकोशात दडवले होते. फाडायची हिंमत नव्हती आणि उत्तर द्यायची त्याहून नव्हती. ‘ओंडके कापा, सुखरूप राहा’ हे पुस्तक त्यांनी अकरा पुस्तके वाचून लिहिले होते. स्वतः मात्र पेन्सिलीपलीकडे लाकूड तासले नव्हते. सुताराने विचारले होते, ‘ओंडका दोन्ही टोकांना टेकला असला की मधे करवत अडकते. आपण स्वतः काय करता?’

रविवारी अंगणातले झाड पडले. एक टोक कुंपणाच्या भिंतीवर, दुसरे पायरीवर, मधे फाटक अडलेले. भिंतीवरून उडी मारून मेहुणा नवीकोरी यांत्रिक करवत घेऊन हजर झाला.

"भावजी, घरचाच लेखक असताना काळजी कसली! कुठून कापू?"

"वरून... बहुधा."

करवत अर्ध्यावर गेली, ओंडका मधे खचला आणि पाते गच्च आवळले गेले. मेहुण्याने यंत्र बंद करून हिसके दिले. मग ते सोडवायला शेजाऱ्याची हातकरवत आणली. तीही अडकली.

"पुस्तकात काय लिहिलंय?" बायकोने विचारले.

ग्रंथपालांनी पान बारा उघडले. "अशा वेळी योग्य ती काळजी घ्यावी."

"घेतली?"

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "मी आयुष्यात ओंडका कापलेला नाही."

"अहो, मी चौघांना तुमचं पुस्तक भेट दिलंय!" मेहुणा किंचाळला.

"त्यांची... बोटं?"

"शाबूत आहेत. वाचलंच नसणार."

बायको ओंडक्याभोवती फिरून आली. "मधे पोट खाली आलंय. पोटाखाली टेकू द्या."

"विटा कुठायत, ताई?"

"पलंगाखाली यांच्या पुस्तकाचे न खपलेले गठ्ठे आहेत की. वीस वर्षं झाडू मारताना मी त्यांना अडखळतेय."

मेहुण्याने पहारीने ओंडका उचलून धरला, बायकोने गठ्ठे सरकवले. चाळिसाव्या प्रतीला फट उघडली आणि दोन्ही करवती अलगद बाहेर आल्या.

ओंडका कापून झाल्यावर संध्याकाळी मोकळ्या फाटकातून ग्रंथपाल टपालपेटीपर्यंत गेले. सुताराला धाडलेल्या उत्तरात लिहिले होते: ‘उशिराबद्दल क्षमस्व. मी स्वतः बायकोला विचारतो. मधे टेकू द्यावा. माझ्या पुस्तकाच्या चाळीस प्रती पुरतात. त्या वेगळ्या पार्सलने पाठवत आहे.’