घासाघीस न करता घेतलेलं कासव

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडून दात बघतं. दातांवरून वय कळतं. आमचे धोंडूनाना आधी स्वतःचा जबडा उघडायचे. घोड्यासमोर उभं राहायचं, आ करायचा आणि म्हणायचं, "देख बाप, पहिले मन्हा दात देखी ले. मंग मी तुन्हा देखस." घोडा बघायचा की नाही कोण जाणे, पण भोवतीची माणसं नानांचे दात मोजायची. मोजायला फार वेळ लागत नसे.

नानांशी माझं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. तेव्हा मी त्यांची तारीफ करीन अशी आशा कोणी ठेवू नये. मी बाजारात दोर आणि कंदील विकत वर आलेला माणूस. मला कोणी काही आयतं दिलं नाही. नानांचं उलट. तापीकाठची काळी जमीन, उसाचं गुऱ्हाळ, दारात करडी घोडी. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एवढ्या मोठ्या घरात बोलायला कोणी नसल्यामुळे ते जनावरांशी बोलत असावेत.

"त्याले इचारं का?" म्हणजे त्याला विचारलं का, हा त्यांचा कायमचा प्रश्न. बैलाला वेसण घालायची, त्याले इचारं का? एका लग्नात नवरदेव घोड्यावर चढत होता. नाना पुढे आले आणि म्हणाले, "त्याले इचारं का?" नवरदेवाचा बाप वैतागून म्हणाला, "कोनले? घोडाले का नवरदेवले?" नाना म्हणाले, "दोन्हीसले नै इचारं, माले माहीत शे." वरात तिथेच थांबली. नवरदेव रिकिबीत एक पाय घालून तसाच लोंबकळत राहिला.

तर कासव. एका वर्षी सुरतेकडच्या कोळ्यांकडून मी एक समुद्री कासवी घेतली. बैलगाडीच्या चाकाएवढी होती. ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने दोंडाईच्यापर्यंत आणली, पुढे बैलगाडीने बाजारात. ठेवायची कशात? गूळ करायची मोठी काहील मला नानांनीच दिली. मी तीत पाणी भरलं आणि कोळ्यांनी सांगितल्याप्रमाणे मीठ टाकलं. समोर पडदा लावला. बघायला एक दर, हात लावायला दुसरा.

लोक लोटले. देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासव असतं, त्याची सवय. बाया आल्या त्या हळदकुंकू घेऊनच आल्या. पाठीवर, डोक्यावर, डोळ्यांवर, जिथे हात पोचेल तिथे लावलं. कासवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. लोक म्हणायचे, भक्तीने रडते आहे. मी नाही म्हणायचो नाही. धंदा आहे.

धुळ्याचे एक वकील फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांच्या मुलाला कासवीच्या पाठीवर उभं करून फोटो काढायचा होता. नाना आपली काहील नीट आहे का ते बघायला आले होते. ते पुढे सरले.

"साहेब, तुमना पोऱ्या तिन्हा पाठवर उभा ऱ्हाऊ द्या. पन मंग तुमना पाठवर मी उभा ऱ्हास. फोटो एकच होई, पैसा वाचतीन."

वकील इंग्रजीत काहीतरी बोलून निघून गेले. त्यांच्यामागे रांगेतली निम्मी माणसं हसत पांगली.

त्यानंतर नाना हललेच नाहीत. काहिलीच्या काठाशी, बरोबर कासवीच्या तोंडासमोर मांडी घालून बसले. सकाळी यायचे, दिवेलागणीला जायचे. मी म्हटलं, "नाना, बाजूले व्हा. गिऱ्हाइके उभा शेतस." ते म्हणाले, "मागथीन देखू दे त्यास्ले." मी कासवीचं तोंड दुसरीकडे फिरवलं. नाना उठून त्या बाजूला जाऊन बसले.

शेवटी मी चिडून म्हणालो, "एवढी आवडनी तर ईकत घ्या." ते हो म्हणाले.

आता इथे माझं दुखणं आहे. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि समोरच्याची बोटं धरून आकडा सांगायचा. पहिला आकडा कोणी घेत नाही. हात झटकायचा, तोंड कडू करायचं, उठून चालायला लागायचं, कोणीतरी परत आणून बसवायचं. त्यातच बाजाराची अब्रू असते. मी उपरण्याखाली नानांची बोटं धरून एका जातिवंत घोडीचा भाव सांगितला. तासभर तरी घासाघीस होणार म्हणून मी पानही तोंडात टाकलं होतं.

नानांनी माझा हात दाबला. झालं. सौदा पक्का.

बाजार हसला तो मला. पहिल्याच आकड्याला गिऱ्हाईक तयार होतं याचा अर्थ विकणाऱ्याने स्वस्तात दिलं. आयुष्यभर मी घासूनच विकलं, आणि या माणसाने दलालांच्या पोरांत माझं हसं करून ठेवलं. त्यांनी त्याच दुपारी करडी घोडी विकली आणि कासवी गाडीत घालून तापीवर नेली.

मी मागे धावलो. सांगितलं, "नाना, तिले खारं पानी लागस. ही नदी गोडी शे."

"तापी सुरतलेच जास ना?" नाना म्हणाले. "वाट तिले माहीत व्हई."

मार्गशीर्षातली तापी. अर्धी वाळू, मध्ये डोह. कासवी नावेच्या घाटाखालच्या डोहात उतरली आणि तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी नानांनी मिठाचं पोतं आणून डोहात ओतलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. कपडे धुणाऱ्या बाया हसून लोटपोट झाल्या. "नाना, आते डाळ बी टाकी द्या," एक जण म्हणाली. नानांनी वर पाहिलं नाही. पोतं झटकून झटकून रिकामं करत राहिले.

बाजार उठला तेव्हा मी काहील परत करायला आणि मनातलं सगळं ऐकवायला त्यांच्या घरी गेलो. घर बंद होतं. घाटावर गेलो. कासवी वाळूत मरून पडली होती. नाना शेजारी बसून उपरण्याच्या ओल्या टोकाने तिच्या डोळ्यांतलं कुंकू काढत होते.

मी ऐकवायला आणलेलं सगळं गिळलं. म्हटलं, "नाना, उठा. मराले टेकेल जनावर होतं."

ते काम न थांबवता म्हणाले, "कासवी पिल्लासले नुसती देखीसन वाढावस, असं म्हणतस ना?"

"म्हणतस."

"मन्ही माय मी जनमनू त्याच दिन गयी." त्यांनी उपरणं पिळलं. "बाजारमा ही मन्हाकडेच देखी ऱ्हायंती. तू तोंड फिरावं तरी."

साठी उलटलेला माणूस.

नावाड्याकडून फावडं आणून मी वाळूत खड्डा केला. दोघांनी मिळून तिला आत ठेवलं. मी मागच्या बाजूने वाळू लोटत आणली. पाठ झाकली, पुढचे वल्ह्यासारखे पाय झाकले. डोक्याशी आलो तेव्हा नानांनी फावड्याच्या दांड्यावर हात ठेवला.

"आते नको. तोंड ऱ्हाऊ दे जरासं."

ते तिच्यासमोर वाळूत मांडी घालून बसले. मी फावडं धरून उभा राहिलो. पलीकडच्या काठावरून माणसांची नाव भरली, सुटली, आमच्या काठाला लागली आणि रिकामी झाली. नाना अजून बसलेलेच होते.